२६ इंची चाकावरून २९ वर: चौदा वर्षांनी माउंटन बाइकवर परतलेल्या मैत्रिणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट माझ्या एका जुन्या रायडिंगवाल्या मैत्रिणीची, नाव देत नाही, वय ४३, उंची १५८ सेंटीमीटर, वजन ५६ किलो (उंची आणि वजन मुद्दाम सांगतोय, पुढे लागणार आहे). २००४ ते २०१० ती भरपूर चालवायची आणि आमच्या गटात उतारावर सगळ्यात पुढे तीच असायची. मग नोकरी, घर, पाठदुखी असं एकेक होत गेलं आणि सायकल भिंतीला टांगली गेली ती गेलीच.

तिची जुनी सायकल म्हणजे त्या काळातली साधी हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली. २६ इंची चाकं, २.१ इंच रुंद टायर, रिमला घासणारे व्ही ब्रेक, पुढे तीन चेनरिंग (पेडलकडची दातेरी चक्रं), १०० मिलिमीटरचा लांब स्टेम (हँडल धरणारा तुकडा) आणि ६०० मिलिमीटरचं अरुंद हँडल. तेव्हा चाकाचा साइज हा प्रश्नच नव्हता, माउंटन बाइक म्हणजे २६ हे गृहीतच. २९ वाल्या सायकली होत्या बरं का, पहिला नीट २९ इंची डोंगरी टायर १९९९ मध्येच आला होता, पण आम्ही त्यांना ट्रॅक्टर म्हणून हसायचो.

ती घरी बसलेली असताना जग कसं पलटलं ते थोडक्यात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये माउंटन बाइकच्या क्रॉस कंट्री शर्यतीचं सुवर्ण यारोस्लाव कुल्हावीने २९ वर घेतलं, दुसरा आलेला निनो शुर्टर २७.५ वर होता, आणि २०१६ ला रिओत त्याच शुर्टरने सुवर्ण घेतलं तेव्हा तोही २९ वर आलेला होता. डाउनहिलवाले (नुसत्या उताराच्या शर्यतीतले) म्हणायचे आमच्यात हे चालणार नाही, तर २०१७ ला फोर्ट विल्यमच्या वर्ल्ड कपमध्ये ग्रेग मिनार २९ वर जिंकला. चांगल्या माउंटन बाइकमधून २६ हळूहळू जवळपास गायबच झालं. म्हणजे ही परत आली तेव्हा नवीन सायकल घ्यायची तर खऱ्या अर्थाने दोनच साइज समोर, २७.५ आणि २९, आणि तिच्या पायांना सवय होती ती तिसऱ्याचीच.

तिने २९ ची हार्डटेल घेतली, स्मॉल साइज. २.४ चे ट्यूबलेस टायर, पुढे १३० मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचं सस्पेन्शन), ७८० मिलिमीटरचं हँडल, ४० चा स्टेम, ड्रॉपर पोस्ट (बटणाने सीट खालीवर करणारी दांडी), पुढे एकच ३२ दातांची चेनरिंग आणि मागे १० ते ५१ दातांची कॅसेट (मागच्या गिअरचक्रांचा गट). चालवून न बघता घेतली, फोटो आणि आकडे बघून. ही पहिली चूक, पण त्यावर नंतर बोलू.

नेमकी अडचण काय झाली

पहिल्याच रविवारी ती थेट आमच्या जुन्या आवडत्या ट्रेलवर (डोंगरातल्या पायवाटेवर) गेली, जो तिला डोळे मिटून पाठ होता. तिथेच घोळ झाला. ट्रेल पाठ होता, पण तो २६ च्या हिशोबाने पाठ होता.

पहिल्या तीन राइडमध्ये तिने सांगितलेल्या तक्रारी तिच्याच शब्दांत अशा, "वळतच नाही रे", "सपाट वळणावर पुढचं चाक निसटतं", "दगडावर उड्या मारते", "चढावर गिअर संपतात", "खूप मागे गेले की टायर बुडाला घासतो", आणि एक मजेशीर, "मला कळतच नाही मी किती जोरात चाललेय". तिसऱ्या राइडला मोकळ्या खडीच्या एका साध्या सपाट डाव्या वळणावर पुढचं चाक सरकलं आणि ती पडली, कोपर सोललं आणि गुडघा सुजून दोन आठवडे घरी. पडली ती अवघड जागी पडली असती तर तिला काही वाटलं नसतं, पण त्या वळणावर आम्ही पूर्वी गप्पा मारत जायचो, त्यामुळे ते तिच्या फारच मनाला लागलं.

तिचं निदान तयार होतं, की चाक मोठं आहे, माझ्या उंचीला हे झेपत नाही, २९ उंच माणसांसाठी असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते पटलं होतं.

समोर असलेले पर्याय

गुडघ्यावर बर्फ लावून बसलेली असताना आम्ही हे सगळे पर्याय काढले.

जुनी २६ परत उभी करायची, हा तिचा पहिला विचार. सायकल भिंतीवरून काढली तर टायरच्या बाजूंना भेगा, ग्रिप चिकट झालेल्या, ब्रेकचे रबर दगड झालेले, मागचं चाक थोडं आउट (वाकडं फिरणारं), आणि फोर्क दाबला की वर यायला त्याचा मूड लागतो. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड आजही मिळतात, आउट काढणं काही मोठं काम नाही. खरा अडसर फोर्क. जुन्या फ्रेमचा हेड ट्यूब (फोर्क जिच्यात बसतो ती पुढची नळी) सरळ १ १/८ इंची, आणि आताचे बहुतेक चांगले फोर्क खाली जाड होणाऱ्या टेपर्ड नळीचे. शिवाय व्ही ब्रेक. एकदा डिस्क वापरल्यावर ओल्या उतारावर व्ही ब्रेकवर परत जायला ती स्वतःच तयार नव्हती.

जुन्या फ्रेममध्ये २७.५ ची चाकं घालायची, हा कोणीतरी सुचवलेला उपाय. ऐकायला छान वाटतं, पण २६ च्या रिमचा बीडचा व्यास (टायर रिमवर जिथे बसतो तिथला) ५५९ मिलिमीटर आणि २७.५ चा ५८४. म्हणजे त्रिज्येत १२.५ मिलिमीटरचा फरक, व्ही ब्रेकचे पॅड तिथपर्यंत सरकतच नाहीत, आणि मागे चेनस्टेमध्ये (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमध्ये) टायरला जागा उरते की नाही हा वेगळाच प्रश्न. बाद.

२९ विकून २७.५ ची सायकल घ्यायची. इथे तिची समजूत अशी होती की २७.५ म्हणजे बरोबर मधलं, नावावरून तसंच वाटतं ना. पण २९ चा बीडचा व्यास ६२२. म्हणजे २६ पासून २७.५ फक्त २५ मिलिमीटर लांब आणि २९ पासून ३८. नावात मध्यावर असलं तरी मापात ते २६ कडे झुकलेलं आहे. तिच्यासाठी खरंतर ही चांगलीच बातमी होती. पण नवीन सायकल दोन महिन्यांत विकायची म्हणजे नुकसान ठरलेलं, आणि तिच्या साइजमध्ये पर्यायही मोजकेच.

चौथा पर्याय माझा लाडका, पुढे २९ आणि मागे २७.५, ज्याला सगळे मलेट म्हणतात. २०१९ पासून वर्ल्ड कपलाही असं चालतं. माझ्याकडे २७.५ चं एक चाक पडून होतं, तिच्या फ्रेमला बसणाऱ्या १४८ मिलिमीटरच्या बूस्ट मापाच्या हबचंच (हब म्हणजे चाकाचा मधला भाग), त्यामुळे फुकटात करून बघता आलं असतं. मी हट्टालाच पेटलो होतो.

पाचवा पर्याय तिने काढला. ती म्हणाली, "थांब जरा. आधी मला कळू दे नक्की बिघडलंय काय. तू चाक बदलशील, बरं वाटेल, आणि मला कधीच कळणार नाही का बरं वाटलं." ती हे बोलली नसती तर हे प्रकरण लिहायला काही उरलंच नसतं.

आकडे मांडून बघितले तेव्हा

मग एका संध्याकाळी दोन्ही सायकली शेजारी उभ्या करून टेप घेऊन बसलो. टायरसकट जुन्या चाकाची उंची साधारण ६६.५ सेंटीमीटर, नव्याची ७४. पण एकूण फरक बघितला तर चाक हा त्यातला एक भाग होता फक्त. दोन्ही चाकांच्या आसांमधलं अंतर नव्या सायकलमध्ये जवळजवळ १० सेंटीमीटर जास्त. हेड अँगल (पुढच्या नळीचा जमिनीशी कोन) जुन्याचा ७१ अंशांच्या आसपास, नव्याचा ६५ च्या आसपास, म्हणजे पुढचं चाक रायडरच्या बरंच पुढे पळालेलं. हँडल १८ सेंटीमीटर रुंद. बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्याच्याभोवती फिरतात तो भाग) चाकाच्या आसापेक्षा चांगलाच खाली, त्यामुळे जुन्या सायकलवर आपण "वर" बसतो आणि नव्यावर "आत" बसतो. एवढं सगळं एकदम बदललं आणि आम्ही शिव्या मात्र चाकाला घालत होतो, का, तर ते डोळ्याला दिसतं.

मी जरा गणितही करून बघितलं. १० सेंटीमीटरचा सरळ दगड समोर आला तर त्याच्या कडेला चाक जिथे भिडतं तो कोन २६ ला साधारण ४६ अंश आणि २९ ला ४३. तीन अंश. २९ दगडावरून मऊ जातं हे खरंच आहे, पण दोन सायकलींमध्ये तिला जाणवत होता तो जमीन अस्मानाचा फरक या तीन अंशांतून येणं शक्य नव्हतं.

गिअरचं मात्र चाकाशी थेट नातं निघालं. जुना सगळ्यात हलका गिअर २२ ला ३४, म्हणजे पुढे २२ दात आणि मागे ३४; २२ भागिले ३४ गुणिले २६ केलं की १६.८ गिअर इंच (आकडा लहान तितका गिअर हलका). नवा ३२ ला ५१, नुसतं गुणोत्तर बघितलं तर नवाच हलका दिसतो, पण गुणिले २९ केलं की १८.२. म्हणजे तोच चढ आठ टक्के जड, तेही चौदा वर्षांनी. ३० दातांची चेनरिंग लावली की १७.१, म्हणजे जवळपास जुन्याइतकं. ही एक गोष्ट त्याच आठवड्यात केली, यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं.

काय काय केलं

गुडघा बरा झाल्यावरच्या पहिल्या रविवारी आम्ही एक गाढवपणा केला. तिने टायरमध्ये जुन्या सवयीने ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती, ट्यूबलेस २.४ मध्ये, ५६ किलोच्या बाईने! दगडावर उड्या मारणार नाही तर काय. फोर्क बघितला तर त्यातली हवाही तिच्या वजनाला फारच जास्त, १३० पैकी जेमतेम ७५ मिलिमीटर वापरला जात होता. आणि ग्रिप आत सरकवून हँडल अरुंद केल्यासारखं करून बघायचं होतं. उत्साहात आम्ही तिन्ही एकाच दिवशी केलं. टायर पुढे २० मागे २२, फोर्कची हवा कमी करून नुसतं उभं राहिल्यावर तो २० टक्क्यांच्या आसपास बसेल इतकी, आणि ग्रिप दोन्ही बाजूंनी अडीच अडीच सेंटीमीटर आत. सायकल एकदम बदलली, ती खूश, मी खूश, आणि घरी येताना लक्षात आलं की कशामुळे बदलली ते कोणालाच माहीत नाही.

म्हणून पुढच्या वेळी परत ४० पीएसआय भरून एक चक्कर मारली, बाकी तसंच ठेवून. उड्या परत आल्या. मग हवा कमी करून फोर्क परत कडक केला, तेव्हा उड्या नाहीत पण वळणावर पुढचं चाक परत हलकं वाटायला लागलं. म्हणजे उड्यांचं कारण टायर, आणि निसटण्याच्या कारणातला एक तुकडा फोर्क. हे कंटाळवाणं काम आहे, एका ट्रेलवर तीनदा तेच करायचं, पण तेव्हापासून आम्ही "एका दिवशी एकच" हा नियम पाळला. हँडल महिनाभर ग्रिप आत ठेवून चालवलं आणि मगच ७३० ला कापलं. कापलेलं हँडल परत जोडता येत नाही.

चाक निसटण्याचा मोठा तुकडा मात्र सायकलमध्ये नव्हताच. मी तिचा मागून व्हिडिओ काढला. उतार आला रे आला की ती पार मागे, हात सरळ, पोट सीटच्या मागे. आम्हाला शिकवलंच तसं होतं, "मागे जा नाहीतर डोक्यावरून जाशील", आणि त्या उभ्या कोनाच्या, आखूड, लांब स्टेमच्या सायकलवर ते अगदी बरोबर होतं. नव्या सायकलचं पुढचं चाक आधीच इतकं पुढे आहे की मागे गेलं की त्याच्यावर वजनच उरत नाही, आणि वजन नसलेलं चाक खडीवर धरणार कशाला. टायर बुडाला घासायचा तोही याचमुळे. म्हणजे दोन तक्रारींचं मूळ एक आणि दोन्हींचा दोष चाकाच्या गळ्यात.

सवय मोडायला सहा आठवडे लागले. मोकळ्या सपाट जागेत दोन बाटल्या ठेवून आठ आकडा काढायचा, कोपर बाहेर, हनुवटी स्टेमच्या वर, आतल्या बाजूचा हात खाली दाबून सायकल आडवी करायची आणि अंग सरळ ठेवायचं. मग तेच हलक्या उतारावर. पहिल्या दिवशी ती म्हणाली, मला सारखं वाटतंय मी पुढे पडणार. तीन आठवडे हेच वाटत होतं. मोठं चाक फिरत असताना स्वतःला सरळ ठेवायला बघतं, त्याला नुसतं हँडल फिरवून वळवता येत नाही, आडवं करावंच लागतं. २६ वर ती नुसत्या हँडलच्या झटक्यावर वळायची.

दगड ओलांडण्याचंही तसंच. ती प्रत्येक दगडाला पुढचं चाक उचलायची, ते २६ ला लागायचं. इथे उचलायला जास्त जोर लागायचा, टायमिंग चुकायचं आणि चाक दगडाच्या तोंडावरच उतरायचं. तिला सांगितलं, मुठीएवढ्या दगडांना काहीच करू नकोस, पाय सैल ठेव आणि जाऊ दे. गंमत म्हणजे काही न करणं शिकायलाच तिला जास्त वेळ लागला.

आणि वेगाचं. ही गोष्ट मला आधी कुठे ऐकायला मिळाली नव्हती म्हणून जरा थांबतो. २६ वर हातांना बसणारे धक्के आणि सायकलचा खडखडाट यावरून तिला वेग कळायचा. नव्या सायकलवर धक्के कमी, आवाज कमी, त्यामुळे ती आरामात चाललीय असं वाटत असताना प्रत्यक्षात बऱ्याच जोरात वळणावर पोचायची आणि मग वळणात ब्रेक दाबायची. त्यात हायड्रॉलिक डिस्क आणि व्ही ब्रेकची चार बोटांची सवय. "वळत नाही" यातला अर्धा भाग हा होता. उपाय साधा, ब्रेक एका बोटाने, आणि ब्रेक मारायची जागा वळणाच्या आधी एका ठरलेल्या झाडापाशी, तिथे वाटो न वाटो दाबायचाच.

मग मलेटची पाळी आली

एवढं झाल्यावर एकच तक्रार उरली, दोन घट्ट यू टर्न, जिथे चालण्याच्या वेगाने वळावं लागतं. मोठं चाक आणि झोपलेला हेड अँगल दोन्हींमुळे चाकाचा ट्रेल (वाट नव्हे; स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे मिळते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) वाढतो, मग वेगात सायकल स्थिर वाटते पण हळू असताना हँडल एका बाजूला लोळतं. वर ती १० सेंटीमीटरची लांबी. इथे चाकाचा दोष खरा होता.

आता माझं २७.५ चं चाक मागे लावलं. मागचा आस १९ मिलिमीटर खाली आला, त्यामुळे हेड अँगल जवळजवळ एक अंश आणखी झोपला आणि बॉटम ब्रॅकेट १२ मिलिमीटरच्या आसपास खाली आला. यू टर्नमध्ये मागचं चाक कापून आत यायला लागलं, तिथे स्पष्ट फायदा, मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण खडकाळ चढावर पेडल दर दहा मीटरला दगडाला आपटायला लागलं, आणि मागचं चाक छोट्या पायऱ्यांवर अडकल्यासारखं वाटायला लागलं. तिचा ट्रेल म्हणजे चाळीस मिनिटं चढ आणि बारा मिनिटं उतार, त्यात यू टर्न दोन.

दोन राइडनंतर तिने चाक काढून मला परत दिलं. मी म्हणालो क्रँक (पेडलचे दांडे) १७० मिलिमीटरवरून १६५ करू, आपटणं कमी होईल. ती म्हणाली क्रँक करू, तिच्या पायांना ते तसंही बरं, पण २९ वरच. क्रँक बदलले. माझं मत अजूनही वेगळं आहे.

शेवटी काय झालं

पाच महिन्यांनी परिस्थिती अशी. ती पडली होती त्या वळणावर आता माझ्या पुढे असते. चढावर पूर्वीइतकीच, म्हणजे कुरकुरत पण न उतरता. दोन यू टर्नपैकी उजवा बहुतेक वेळा निघतो, डाव्याला अजून पाय टेकतो. टायर बुडाला घासलाय असं त्यानंतर एकदाही झालं नाही.

गेल्या महिन्यात तिने जुनी २६ तात्पुरती चालती केली, फक्त टायर, पॅड आणि केबल बदलून, आणि त्याच ट्रेलवर आणली. डावा यू टर्न पहिल्याच फटक्यात निघाला. खाली उतरल्यावर मात्र हात चोळत बसली, आणि म्हणाली की आपण यावर दगडातून असे जायचो, वेडे होतो का आपण.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, चालवून बघून घ्यायला हवी होती. कोणाची तरी मागून, दोन तास, सपाटावर नाही तर चढ उतारावर. आकड्यांवरून सायकल कळते पण आपल्या सवयी किती जुन्या आहेत ते कळत नाही.

पहिली राइड ओळखीच्या ट्रेलवर नको होती. अनोळखी ट्रेलवर माणूस बघून चालवतो, पाठ असलेल्या ट्रेलवर आठवणीने चालवतो, आणि तिची आठवण दुसऱ्या सायकलची होती.

व्हिडिओ पहिल्याच आठवड्यात काढायला हवा होता, पडण्याच्या आधी. दोन मिनिटांचं काम, आणि आम्ही तो काढला गुडघा बरा झाल्यावर. ही चूक माझी जास्त, मी तिच्या मागेच चालवत होतो, मला ती मागे लटकलेली दिसत होती आणि मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही, कारण मीही तसंच शिकलोय. घरी जाऊन स्वतःचा व्हिडिओ बघितला तर मीही थोडा मागेच.

चेनरिंग विकत घेतानाच बदलून मागता आली असती, गुणाकार एका मिनिटाचा आहे. आणि मलेट आधीच करून टाकलं असतं तर? बहुतेक तिला बरं वाटलं असतं, मागे लटकणं तसंच राहिलं असतं, टायर घासला नसता म्हणून आम्ही खूश झालो असतो, आणि पुढचं चाक खडीवर निसटत राहिलं असतं.

२७.५ चं ते चाक सध्या माझ्या बाल्कनीत आहे. परवा तिचा मेसेज आला, डाव्या यू टर्नचा फोटो आणि खाली एवढंच, "ते चाक विकलं नाहीस ना अजून?"